शेवटच्या नावापासून

वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं

या वेळच्या पत्रांत शिक्षकांची पत्रं जास्त आहेत. वर्ष संपत आलं की दरवेळी असंच होतं. मी माध्यमिक शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण उजव्या हाताच्या मधल्या बोटावर लाल पेनाने पाडलेला घट्टा अजून हाताला लागतो. त्यामुळे ही पत्रं वाचताना मला लांबचं काही वाचतेय असं वाटलं नाही. सगळ्यांना उत्तरं देणं जागेअभावी शक्य नाही. चार पत्रं निवडली आहेत.

प्रश्न : बाई, नमस्कार. मी नववीला विज्ञान शिकवतो. नोकरीचं तिसरं वर्ष. परीक्षा तीन आठवड्यांवर आली आहे, हातात बारा तास आहेत आणि दोन धडे शिल्लक. मुख्याध्यापक रोज विचारतात, ‘पोर्शन झाला का?’ वर्गात पाऊल टाकलं की मुलं पेंगुळलेली दिसतात. मी भराभर धडे उरकतोय आणि उजळणीला एकही तास उरणार नाही असं दिसतंय. काय करू?

सर, आधी बारा तासांचा हिशोब करू. उरलेल्या दोन धड्यांपैकी पुढच्या वर्षीचं शिकणं कोणत्या धड्यावर उभं आहे ते बघा. त्याला चार तास द्या आणि तो नीट शिकवा, प्रयोगासकट. दुसऱ्या धड्यातल्या दोन-तीन मुख्य कल्पना दोन तासांत समजावून सांगा आणि वर्गाला स्पष्ट सांगा की या धड्याचं इतकंच झालं आहे. मुलांना हे सांगायला आपण कचरतो. पण अर्धवट शिकवून ‘झालं’ म्हणालो, तर न समजल्याचा दोष मूल स्वतःकडे घेतं. उरले सहा तास. ते उजळणीचे. त्यांना हात लावू नका.

मी हे चूक करून शिकले. नोकरीच्या पाचव्या वर्षी विद्युतधारेचा शेवटचा भाग मी शेवटच्या दिवशी पंचवीस मिनिटांत संपवला होता. फळा भरला, मुलांनी उतरवून घेतला, माझ्या टाचणवहीत ‘पूर्ण’ असं लिहिलं गेलं. परीक्षेत त्यावर पाच गुणांचा प्रश्न होता. वर्गातल्या त्रेचाळीस मुलांपैकी सहा जणांनी तो सोडवायला घेतला, आणि त्यातल्या चौघांनी माझ्या फळ्यावरची आकृती जशीच्या तशी काढून खाली काहीच लिहिलं नव्हतं. धडा माझा पूर्ण झाला होता, त्यांचा नव्हे.

आता उजळणी म्हणजे काय, यावर थोडं बोलते, कारण तिथेही आपण वेळ घालवतो. धडा पुन्हा वाचून दाखवणं ही उजळणी नाही. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने अर्थहीन अक्षरगट स्वतःच पाठ करून आपण किती आणि कधी विसरतो हे मोजलं, आणि १८८५ मध्ये प्रसिद्ध केलं. सर्वांत जास्त विसरणं पहिल्या काही तासांतच होतं, पुढे तो वेग मंदावतो. म्हणून वर्षाच्या सुरुवातीला शिकवलेलं मुलं विसरली, याचा राग त्यांच्यावर धरू नये. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिके या अमेरिकन संशोधकांनी विद्यार्थ्यांचे गट केले. एका गटाने उतारा वाचून पुन्हा वाचला. दुसऱ्याने एकदा वाचून, उतारा बाजूला ठेवून, आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारेच पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा लिहिणाऱ्यांना ५६ टक्के आठवत होतं आणि पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के. त्या पाच मिनिटांच्या निकालाकडे लक्ष द्या. वाचून घेतल्यावर मुलांना आणि आपल्यालाही ‘आलं सगळं’ असं वाटतं, ते त्यामुळेच.

माझ्या वर्गात याला मुलं ‘कोरा कागद’ म्हणायची. तास सुरू झाला की पुस्तकं दप्तरात, समोर एक कागद, दहा मिनिटं. धड्याचं नाव मी फळ्यावर लिहायची, आठवेल ते त्यांनी मांडायचं, आकृती, शब्द, अर्धं वाक्य, काहीही. गुण नाहीत, कागद माझ्याकडे द्यायचा नाही. मग शेजाऱ्याशी कागद ताडून बघायचा आणि शेवटी पुस्तक उघडायचं. पेंगणारी मुलं यात जागी होतात, कारण हात चालवावा लागतो. पहिल्या दिवशी निम्मे कागद कोरेच राहतील. घाबरू नका, तिसऱ्या दिवसापासून फरक दिसतो.

मुख्याध्यापकांकडे रिकाम्या हाताने जाऊ नका. बारा तासांचं वेळापत्रक कागदावर लिहून न्या. प्रश्न ‘पोर्शन झाला का’ असा असला तरी त्यांना काळजी निकालाची असते, आणि कागद पाहिला की बहुतेक जण ऐकतात.

प्रश्न : माझ्याकडे पाच तुकड्या आहेत, दोनशेच्या वर उत्तरपत्रिका आणि आठ दिवस. रात्री अकरानंतर तपासलेले पेपर सकाळी चाळले की वाटतं, हे कोणी दुसऱ्यानेच तपासलेत. परवा एका मुलीचा पेपर पुन्हा पाहिला. आधी मी तिला ३१ दिले होते, दुसऱ्यांदा ३६ झाले. स्टाफरूममध्ये बोलले तर सगळे म्हणाले, ‘इतका विचार करायचा नसतो, शेवटी सरासरी सारखीच येते.’ मला मात्र झोप लागत नाही. मी अन्याय करतेय का?

तुमची झोप उडाली हे मला योग्य वाटतं. सरासरी सारखी येते, हे वर्गापुरतं खरं आहे. त्या मुलीला सरासरी मिळत नाही, तिला ३१ मिळतात.

हा प्रश्न जुना आहे. डॅनिअल स्टार्च आणि एडवर्ड इलियट या दोघांनी १९१२ मध्ये अमेरिकेत इंग्रजीच्या त्याच उत्तरपत्रिकांच्या प्रती वेगवेगळ्या शाळांतल्या शिक्षकांकडे तपासायला पाठवल्या. गुणांत प्रचंड फरक आला. लोक म्हणाले, भाषेचा विषय आहे, असं होणारच. म्हणून पुढच्या वर्षी त्यांनी भूमितीची उत्तरपत्रिका पाठवली. ११६ शिक्षकांनी ती शंभरपैकी तपासली. दोघांनी नव्वदच्या वर गुण दिले, एकाने तिसाच्या खाली. कागद तोच, प्रमेयं तीच. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा नोकरीला अकरा वर्षं झाली होती, आणि त्या रात्री मी माझाच एक तपासलेला गठ्ठा काढून बसले. दहा पेपर निवडले, गुणांवर कागद चिकटवला आणि पुन्हा तपासले. सात पेपरांत फरक पडला. सर्वांत मोठा फरक सहा गुणांचा.

कुठे फरक पडतो ते शोधलं तेव्हा माझं मलाच कळलं. किरणाकृतीत मूल बाण काढायला विसरलं तर सकाळी मी अर्धा गुण कापत होते, रात्री एक. संध्याकाळी दोन चांगले पेपर लागोपाठ आले की तिसरा बरा पेपर मला वाईट वाटायचा. तीन गचाळ पेपरांनंतर तोच पेपर सुटकेसारखा वाटायचा. गठ्ठ्याच्या तळातल्या पेपरांना माझे शेरे दोन शब्दांचे, काहींना नुसती बरोबरची खूण. आणि गठ्ठा मी नेहमी हजेरी क्रमांकाने लावायची. म्हणजे वर्षानुवर्षं त्याच मुलांचे पेपर माझ्या थकलेल्या हाताखाली येत होते. हे मला फार लागलं. आजही लागतं.

त्यानंतर मी जे करत गेले ते सांगते. एका वेळी एकच प्रश्न, सगळ्या गठ्ठ्याचा. पहिला प्रश्न दोनशे जणांचा तपासून झाला की गठ्ठा उलटासुलटा करायचा आणि मग दुसरा. वेळ जास्त लागेल असं वाटतं, पण लागत नाही, कारण एकच उत्तर डोक्यात असल्यामुळे हात चालतो. पहिलं पान दुमडून ठेवायचं, नाव दिसता कामा नये. वर्षभर ओळखीचं झालेलं अक्षर लपत नाही, हे मान्य, पण नाव वाचलं की जे मनात येतं ते तरी टळतं. प्रत्येक प्रश्नाचे पहिले दहा पेपर पेन्सिलने तपासायचे, कारण आपली पट्टी त्या दहांत ठरत असते, आणि ती ठरली की ते दहा पुन्हा बघून मग लाल पेन. आणि बाण विसरला तर किती, एकक लिहिलं नाही तर किती, रीत बरोबर आणि आकडेमोड चुकली तर किती, हे सगळं आदर्श उत्तरपत्रिकेच्या समासात लिहून ठेवायचं. रात्री अकरा वाजता निर्णय घ्यायचे नाहीत, घेतलेले निर्णय वाचायचे.

आणि डोळे चुरचुरायला लागले की थांबायचं. आठ दिवसांत दोनशे म्हणजे दिवसाला पंचवीस-सव्वीस. एका बैठकीत होत नाहीत, पण पहाटे दहा, दुपारच्या ऑफ तासाला सहा, संध्याकाळी दहा असे होतात. काठावरच्या सगळ्या उत्तरपत्रिका, पास असोत वा नापास, शेवटच्या दिवशी सकाळी ताज्या डोळ्यांनी पुन्हा बघायच्या. मुलीच्या ३१ चे ३६ झाले ना, ते ३६ तिला द्या. आणि तिच्या आसपास तपासलेले आठ-दहा पेपरही काढून पाहा.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय हे उत्तर पुरं होणार नाही. माझ्या वर्गात एक मुलगा होता, अबोल, तिसऱ्या बाकावर भिंतीकडे बसायचा. वार्षिक परीक्षेत विज्ञानात त्याला मी नापास केलं. त्याच्या पेपरात शेवटचे दोन प्रश्न नव्हतेच. निकाल लागला, तो काही न बोलता प्रगतिपुस्तक घेऊन गेला. तीन आठवड्यांनी गठ्ठे बांधून कपाटात ठेवताना दुसऱ्याच मुलाच्या उत्तरपत्रिकेच्या मागे अडकलेली एक पुरवणी हाताला लागली. अक्षर त्याचं होतं. दोन्ही प्रश्न सोडवलेले, जवळजवळ पूर्ण बरोबर. पुरवण्या मोजायचं काम माझं होतं आणि मी ते केलं नव्हतं.

निकाल दुरुस्त झाला. मी त्याच्या घरी गेले, त्याच्यासमोर आणि त्याच्या आईवडिलांसमोर माझी चूक सांगितली, माफी मागितली. आईवडील चांगले होते, मला उलट धीर देत होते. मुलगा बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘बाई, मला आठवत होतं मी लिहिलंय. मग वाटलं, नसेल लिहिलं.’

तीन आठवडे त्या पोराने स्वतःच्या आठवणीपेक्षा माझ्या लाल आकड्यावर जास्त विश्वास ठेवला होता. तेव्हापासून उत्तरपत्रिका हातात आली की मी पहिल्यांदा पुरवण्या मोजायची, त्यांची संख्या मुखपृष्ठावर गोल करून लिहायची आणि प्रत्येक पुरवणीवरचा बैठक क्रमांक वाचायची. दोनशे पेपरांना एक तास लागतो. तो तास आठ दिवसांतून आधीच बाजूला काढून ठेवा.

प्रश्न : मी शिक्षिका नाही, आई आहे. माझ्या मुलीच्या प्रगतिपुस्तकावर दोन वर्षं तोच शेरा येतोय, ‘हुशार आहे, पण प्रयत्न कमी पडतात.’ या वेळी तिने ते न दाखवता कपाटात ठेवून दिलं. म्हणते, ‘गुण बघ, खालचं वाचू नकोस.’ शाळेत जाऊन बोलावं का?

जरूर जा, पण तक्रार घेऊन जाऊ नका, एक प्रश्न घेऊन जा. वर्गशिक्षकांना विचारा, ‘ती कोणत्या गोष्टीत प्रयत्न कमी करते, एखादं उदाहरण सांगाल का?’ शिक्षक उदाहरण देऊ शकले तर तुमच्या हाती काहीतरी ठोस लागेल. देऊ शकले नाहीत तर त्यांनाही जाणवेल की शेरा मोघम होता.

शेऱ्यांबद्दल मी माझ्या शिक्षक वाचकांशीही बोलतेय. रूथ बटलर या संशोधिकेने १९८८ मध्ये शाळकरी मुलांवर केलेला अभ्यास मी अनेक बैठकांत सांगितला आहे. काही मुलांना फक्त गुण दिले, काहींना फक्त लेखी अभिप्राय, काहींना दोन्ही. पुढच्या कामात सुधारणा झाली ती फक्त अभिप्राय मिळालेल्या मुलांची. ज्यांना दोन्ही मिळालं, त्यांच्या बाबतीत अभिप्रायाचा फायदा दिसलाच नाही. आकडा दिसला की नजर आकड्यावरच थांबते. तुमची मुलगी ‘खालचं वाचू नकोस’ म्हणते, त्यामागे हेही असेल, आणि दोन वर्षं तेच वाक्य वाचून आलेला कंटाळाही.

वार्षिक प्रगतिपुस्तकावरून आकडा काढता येत नाही. पण शेरा मुलाच्या हाती आकड्याआधी देता येतो. मी शेवटची काही वर्षं निकालाच्या आठवडाभर आधी एकेका मुलाला दोन ओळींची चिठ्ठी द्यायची. आणि प्रगतिपुस्तकावरच्या शेऱ्यासाठी स्वतःला एक नियम घालून घेतला होता : हा शेरा वर्गातल्या दुसऱ्या कोणाच्या पुस्तकावर तसाच शोभत असेल तर तो खोडायचा. ‘प्रयोगवहीत निरीक्षणं स्वतःच्या शब्दांत लिहितेस, निष्कर्ष मात्र पुस्तकातून उतरवतेस. पुढच्या वर्षी निष्कर्षही तुझा लिही.’ असं लिहायला त्या मुलीची वही डोळ्यांसमोर यावी लागते. आली नाही तर मागवून घ्यायची. त्रेचाळीस शेऱ्यांना तीन संध्याकाळी लागायच्या. इथेही हजेरीपटावर खाली असलेल्या मुलांचे शेरे आखूड व्हायचे, म्हणून दुसऱ्या संध्याकाळी मी खालून वर यायची.

ताई, मुलीला एवढंच सांगा की खालचं तुम्ही वाचलं आहे आणि त्याचा अर्थ विचारायला तुम्ही जाणार आहात. तिची इच्छा असेल तर तिलाही बरोबर न्या. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीबद्दल तिच्या माघारी बोललेलं तिला आवडत नाही.

प्रश्न : काल माझ्या वर्गाचा शेवटचा दिवस झाला. दोन वर्षं मी त्यांची वर्गशिक्षिका होते. घंटा झाली, मुलं आरडाओरडा करत धावली, फाटकापर्यंत एकानेही मागे वळून पाहिलं नाही. रिकाम्या वर्गात मी रडले. मला इतकं का लागावं?

कारण दोन वर्षं तुम्ही त्यांना रोज पाहिलंत. कोणाचा चश्म्याचा नंबर वाढला, कोणाचा आवाज फुटला, कोण कोणाशी बोलेनासं झालं, हे तुम्हाला माहीत आहे. ती धावत गेली, त्यात तुमच्याबद्दल काही नव्हतं. सुट्टी लागली की पंधरा वर्षांचं मूल धावतंच. काही जण परत येतील, बरेच येणार नाहीत. जे येणार नाहीत त्यांनाही तुम्ही शिकवलंत. मलाही दरवर्षी लागायचं, शेवटच्या वर्षी तर फारच, आणि ते कमी व्हावं असं मला कधी वाटलं नाही.

मी एक करायची. मुलं गेली की शेवटच्या बाकावर जाऊन बसायची. वर्षभर तिथून फळा कसा दिसत होता, ते बघायची. दुपारच्या उन्हाची तिरीप फळ्याच्या डाव्या कोपऱ्यावर येते आणि तिथलं काही वाचता येत नाही, हे मला असंच एका वर्षाअखेरीला कळलं. मागचा एक मुलगा वर्षभर गणितं अर्धवट उतरवायचा आणि मी त्याला निष्काळजी म्हणायची. पुढच्या वर्षापासून मी त्या कोपऱ्यात लिहिणं सोडलं. त्या मुलाला मात्र मी ते सांगू शकले नाही, तो शाळेतून गेला होता.

मग तिथेच बसून वहीत प्रत्येक मुलापुढे एक ओळ लिहायची. गुण किंवा वागणूक यातलं काही नाही, फक्त एखादी आठवणारी गोष्ट. ‘चुंबकाच्या तासाला टाचण्या सगळ्या वर्गासाठी घेऊन आली.’ ‘हरल्यावर प्रतिस्पर्ध्याचा हात सर्वांत आधी धरला.’ काही नावांपुढे पेन अडायचं. पूर्ण वर्ष समोर बसलेल्या मुलाबद्दल एक ओळ सुचू नये, याचं वाईट वाटायचं, आणि पुढच्या वर्षी पहिल्या आठवड्यापासून मी तशा मुलांच्या बाकाजवळ जरा जास्त थांबायची.

तुमचा वर्ग कालच सुटलाय, आज अजून सगळे चेहरे डोळ्यांसमोर असतील. आज संध्याकाळी हजेरीपट घेऊन बसा आणि शेवटच्या नावापासून सुरुवात करा. पहिली नावं वर्षभर रोज आधी घेतलेली असतात, ती आठवतातच.